मंडालेच्या तुरुंगातले पथ्य : लोकमान्य टिळकांचा मधुमेह आणि तुमचे पहिले तीन महिने

रक्ताचा रिपोर्ट नुकताच तुमच्या हातात आला आहे. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त. डॉक्टरांनी खात्रीसाठी तपासणी पुन्हा करून घेतली आणि टाइप टू मधुमेह असल्याचे सांगितले. शिरूरच्या किंवा दौंडच्या दवाखान्यातून गावाकडे परतताना बहुतेकांच्या मनात एकच विचार असतो : आता आयुष्यभराची शिक्षा झाली, काही खायचे राहिले नाही.

म्हणून आज औषधांच्या यादीआधी एका अशा माणसाची हकीकत वाचा, ज्याला मधुमेह होता आणि खरोखरचा तुरुंगवासही झाला होता. त्यांचे नाव तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात, पण त्यांचा हा आजार फारसा कोणी सांगत नाही. ते म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

कमावलेले शरीर

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. दहा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर पुण्याला आले. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले. व्यायाम, कुस्ती आणि पोहणे रोज चालू होते. परीक्षेचे ते वर्ष वाया गेले, पण त्या वर्षाने त्यांना आयुष्यभर पुरणारी काटक प्रकृती दिली.

पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये केसरी व मराठा ही वृत्तपत्रे सुरू झाली. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले आणि १८९७ मध्ये राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली. रात्रीची जागरणे, अग्रलेख, खटले, सभा आणि बैठे काम यात वर्षे गेली. तोंडात सुपारी असायचीच. अशा दगदगीत पन्नाशी आली आणि तोवर मधुमेहही मागे लागला होता.

इथे थांबून स्वतःकडे पाहा. टिळकांच्या कोणत्याही फोटोत लठ्ठ माणूस दिसत नाही. आपल्याकडे अनेकांना वाटते की मधुमेह फक्त जाड माणसाला होतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत मोडणारे काम केले. ते स्वतः आणि त्यांचे एक इंग्रज सहकारी उंचीच्या प्रमाणात वजनाने अगदी सारखे, दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात आणि यकृतात चरबी साठलेली असू शकते. म्हणून तुम्ही सडपातळ असाल तर रिपोर्ट चुकला असेल असे धरून चालू नका. कमरेचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा आहे.

आणखी एक गोष्ट. शेतात राबणाऱ्यालाही मधुमेह होतो. तरुणपणी कमावलेले शरीर उपयोगी पडते, पण ती आयुष्यभराची हमी नसते. टिळकांनाही ती मिळाली नाही.

शिक्षा

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी ते ५२ वर्षे पूर्ण करणार होते. आधी त्यांना साबरमतीच्या तुरुंगात नेले आणि सप्टेंबरमध्ये समुद्रमार्गे ब्रह्मदेशातील मंडाले येथे हलवले. सक्तमजुरी काढून साधी कैद देण्यात आली.

त्या काळात मधुमेह होणे म्हणजे काय, याची कल्पना करा. इन्शुलिन नव्हते. ते १९२१ मध्ये टोरांटोत सापडले आणि ११ जानेवारी १९२२ रोजी पहिल्यांदा एका रुग्णाला टोचले गेले. आज तुमच्या चिठ्ठीवर बहुधा पहिलेच नाव असलेले मेटफॉर्मिन मधुमेहासाठी वापरात आले ते १९५७ मध्ये. बोटातून थेंबभर रक्त घेऊन घरी साखर पाहणे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. डॉक्टर लघवी निळ्या द्रावणात उकळत आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहत. ही पद्धत ढोबळ होती, कारण रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय बहुतेकांच्या लघवीत ती उतरतच नाही.

तरुणपणी होणारा, इन्शुलिनशिवाय न जगवणारा मधुमेह त्या काळात लवकर प्राण घेई. टिळक इन्शुलिनशिवाय या आजारासह बारा वर्षांहून जास्त जगले. त्यावरून त्यांचा आजार आपण आज ज्याला टाइप टू म्हणतो त्या प्रकारात बसतो. त्यांच्या हातात साधन एकच होते : ताट.

ताट बदलले

मंडालेला त्यांना लाकडी इमारतीतली वरची खोली मिळाली. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापे आणि हिवाळ्यात फटींतून गारठा येई. स्वयंपाकासाठी कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिलेला होता. टिळकांनी मधुमेहासाठी भात आणि गहू सोडला आणि ते सातूच्या पिठावर राहू लागले.

कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या ब्राह्मण घरातल्या माणसाने पन्नाशीनंतर वरणभात सोडणे ही लहान गोष्ट नाही. तुमच्या घरात कोणाला भात किंवा पोळी सोडायला सांगून पाहा, म्हणजे कळेल.

सातूच का? सातूत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात दाटसर होतो, त्यामुळे पिठातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण म्हणून उद्या सातूच्या पिठाचे पोते आणू नका. टिळकांच्या उदाहरणातून घ्यायचे ते धान्याचे नाव नव्हे. त्यांनी जेवणातला साखर वाढवणारा मुख्य पदार्थ ओळखला, तो बदलला आणि तो बदल टिकवला. घ्यायचे आहे ते एवढेच.

शिरूर आणि दौंडच्या ताटात हा पदार्थ कोणता, ते पाहू.

बाजरी आणि ज्वारी चांगलीच आहेत, मैद्यापेक्षा आणि पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा नक्की चांगली. पण भाकरी मोजून खावी लागते. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. मोठ्या हाताने थापलेल्या तीन भाकऱ्या आणि वर भात असे जेवण झाले तर बाजरीही साखर वाढवणारच.

गूळ चालतो, ही आपल्या ऊस पट्ट्यातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. घरच्या गुऱ्हाळाचा असो की रसायनविरहित असो, रक्तात गेल्यावर फरक राहत नाही. एका ग्लास उसाच्या रसात पाच-सहा चमचे साखर असते. दिवसातून पाच वेळा दोन चमचे साखरेचा चहा घेत असाल तर ते दहा चमचे झाले.

ताटाची साधी आखणी अशी ठेवा. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर : मेथी, पालक, गवार, दोडका, काकडी, मुळा. पाव ताट मटकी, मूग, हरभरा, घट्ट वरण, अंडे किंवा मासा. उरलेल्या पाव ताटात एक मध्यम भाकरी किंवा दोन लहान पोळ्या किंवा एक वाटी भात. भाकरी आणि भात दोन्ही पूर्ण मापाने नको. आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी असा क्रम ठेवलात तर जेवणानंतरची साखर कमी चढते. फळ खायचे तर अख्खे, त्याचा रस नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर आहार आणि साखरेची उद्दिष्टे वेगळी असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

कुरकुंभ किंवा रांजणगावच्या कारखान्यात पाळीने काम असेल, किंवा रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जावे लागत असेल, तर जेवणाच्या वेळा हलतात. ते डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ तुमच्या खऱ्या दिवसाप्रमाणे बसवता येते.

पेन्सिल आणि वही

१९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चपर्यंत, एका हिवाळ्यात, टिळकांनी मंडालेत गीतारहस्य हा ग्रंथ लिहून काढला. शाई नव्हती, पेन्सिलीने वह्यांत लिहिला. याच वर्षांत त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला. मधुमेही माणसाकडून काम होत नाही, असे कोणी तुम्हाला म्हटले तर त्याला हे सांगा.

तुम्हालाही एक पेन्सिल आणि एक वही लागणार आहे. ग्रंथ लिहायचा नाही, फक्त आकडे लिहायचे आहेत. टिळकांना जे मिळाले नाही ते तुमच्याकडे आहे : आपण आत्ता खाल्ले त्याचे रक्तात काय झाले, हे दोन तासांत कळणे.

पहिले दोन आठवडे असे करा. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी एकदा साखर पाहा. शिवाय रोज एका जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा पाहा : आज नाश्त्यानंतर, उद्या दुपारच्या जेवणानंतर, परवा रात्रीच्या. आकड्यासमोर काय खाल्ले ते लिहा. दोन भाकऱ्यांनी २३० येते आणि एक भाकरी व दोन वाट्या मटकीने १६५ येते, असे तुमच्याच वहीत दिसले की पथ्य कोणी सांगावे लागत नाही.

बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य असते. एचबीएवनसी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करा. बहुतेकांसाठी तो ७ च्या खाली हवा. वृद्धांसाठी आणि इतर मोठे आजार असलेल्यांसाठी डॉक्टर थोडी सैल मर्यादा ठेवतात.

तपासणीआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. गूळ किंवा आंबा हाताळलेल्या बोटाचा आकडा खोटा वाढलेला येतो. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखणे कमी होते. स्ट्रिपची मुदत पाहा आणि डबी उन्हात ठेवू नका.

वाईट आकडा लपवू नका. वही डॉक्टरांना खूश करण्यासाठी नसते. एखादा आकडा वाढला म्हणजे गुन्हा झाला असे नाही, त्यातून फक्त पुढचे पाऊल ठरते.

दौंडमार्गे घरी

७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. टिळकांना ती बातमी मंडालेतच कळली. एक्केचाळीस वर्षांचा संसार संपला आणि शेवटची भेटही झाली नाही. आजारी माणसाला दुःखही येते, आणि दुःखात पथ्य सर्वांत आधी सुटते. घरात असा प्रसंग आला तर पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या गोळ्या आणि जेवणाची वेळ सांभाळायचे काम नातेवाइकांपैकी एकाने अंगावर घ्यावे.

१९१४ च्या जूनमध्ये टिळकांना मंडालेहून जहाजाने मद्रासला आणि तिथून रेल्वेने पुण्याकडे आणले. मद्रासहून येणारा तो लोहमार्ग रायचूर, सोलापूर आणि मग आपल्या दौंडवरूनच जातो. १६ जूनच्या मध्यरात्री ते गायकवाड वाड्याच्या दारात पोहोचले.

घरी आल्यावर पथ्य सोपे झाले असेल असे वाटते ना? खरे तर तुरुंगात खाणे मोजके असते, वेळ ठरलेली असते, कोणी आग्रह करत नाही. बाहेर मात्र सत्कार, मेजवान्या, प्रवास आणि परक्या घरची ताटे सुरू होतात. ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला त्यांनी १८९३-९४ पासून रूप दिले, तो उत्सवही मोदकांचाच. १९१६ मध्ये होमरूल लीग आणि लखनौ करार, साठाव्या वाढदिवसाला लाखाची थैली, १९१८-१९ मध्ये वर्षभर विलायत आणि चिरोल खटल्यातला पराभव. एवढे सगळे साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाने इन्शुलिनशिवाय केले.

तुमचेही तसेच होणार आहे. पहिले तीन आठवडे घरात पथ्य काटेकोर चालेल. मग लग्नसराई येईल, जत्रा येईल, पाव्हणे म्हणतील की एवढ्याने काही होत नाही. तेव्हा उपाय दोनच. एक, घरातल्या सर्वांचे ताट बदला, एकट्या रुग्णाचे वेगळे करू नका. हे जेवण घरातल्या कोणालाही चांगलेच आहे, आणि तुमच्या मुलांना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. दोन, सणाला एक मोदक किंवा अर्धी पुरणपोळी खायची तर त्या जेवणातली भाकरी आणि भात सोडा, नंतर पंधरा मिनिटे चाला आणि दोन तासांनी साखर पाहा.

घरातल्या बाईला मधुमेह असेल तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या. सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेला भात आणि शिळी भाकरी खाणारी तीच असते, आणि स्वतःची तपासणी पुढे ढकलणारीही तीच.

शेवटचा ताप

१९२० च्या जुलैमध्ये टिळक मुंबईत सरदारगृहात उतरले होते. मोटारीतून फिरून आल्यावर त्यांना ताप भरला. तो वाढत गेला, न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी पहाटेपूर्वी त्यांचे निधन झाले. वय ६४. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती, आणि टोरांटोत इन्शुलिन सापडायला अजून एक वर्ष होते.

त्यांच्या शेवटच्या आजारात मधुमेहाचा वाटा किती, हे आज ठरवायचे कारण नाही. पण मधुमेह असलेल्या माणसाचा ताप साधा समजू नये, एवढे नक्की लक्षात ठेवा. तापात साखर चढते, आणि चढलेली साखर जंतुसंसर्ग वाढवते.

ताप, उलट्या किंवा जुलाब असतील तर दर चार ते सहा तासांनी साखर पाहा आणि पाणी पीत राहा. जेवण जात नाही म्हणून गोळ्या किंवा इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागतात, काही चालू ठेवाव्या लागतात, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. साखर पुन्हा पुन्हा ३०० च्या वर येत असेल, उलट्या थांबत नसतील, धाप लागत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी रुग्णालयात न्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही पुढच्या भेटीत विचारा.

उलटी बाजूही माहीत असू द्या. काही गोळ्यांनी साखर ७० च्या खाली जाऊ शकते : घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. शेतावर किंवा मोटारसायकलवर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा.

टिळकांकडून काय घ्यायचे, काय नाही

त्यांनी केवळ आहारावर निभावले म्हणून तुम्हीही गोळ्या सोडा, असा अर्थ काढू नका. त्यांच्याकडे गोळ्या नव्हत्या. काही जणांना वजन आणि ताट बदलल्यावर गोळ्या कमी करता येतात, क्वचित थांबवताही येतात. पण तो निर्णय वहीतले आकडे आणि एचबीएवनसी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

येत्या तीन महिन्यांत एवढे करा. ग्लुकोमीटर आणि वही आणा. चहातली साखर, गूळ आणि रस बंद करा. जेवणानंतर रोज चाला. तंबाखू, मिश्री आणि सुपारी सोडा. डोळ्यांचा पडदा, लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या. रोज रात्री पाय धुऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा, आणि अनवाणी रानात जाऊ नका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि भरलेली वही घेऊन या.

टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून, ताट सांभाळून ते दौंडवरूनच घरी आले आणि कामाला लागले. तुमच्या रिपोर्टवर तर शिक्षाही लिहिलेली नाही. त्यावर फक्त आजचा आकडा आहे, आणि तो बदलता येतो.